काचघराला रंग किती लागतो?

घर रंगवायला काढलं की कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा कार्पेट एरिया विचारतो. त्या आकड्याला तीन-साडेतीनने गुणलं की भिंती आणि छताचं ढोबळ क्षेत्रफळ मिळतं. जरा काटेकोर माणूस असेल तर टेप लावतो. लांबी गुणिले उंची, वजा दारं, वजा खिडक्या. एका लिटरमध्ये किती स्क्वेअर फूट निघतं त्याने भागायचं, दोन हात मारायचे असतील तर दुप्पट करायचं, वर थोडी नासधूस धरायची. झालं एस्टिमेट.

आता या सूत्रात एक अशी इमारत घाला जिला भिंतच नाही. चारही बाजूंनी काच, वर छपराला काच. ‘वजा खिडक्या’ केलं की उत्तर शून्य येतं. म्हणजे रंग लागणारच नाही?

प्रत्यक्षात उलटं घडतं. काचेच्या इमारतीइतका रंग खाणारी आणि इतक्या वेळा रंग मागणारी दुसरी इमारत सापडणं कठीण. इंग्रज तिला ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात. उष्ण प्रदेशातली झाडं थंडीत जगावीत म्हणून बांधलेलं काचघर. आज ब्रिटनच्या उपनगरांत घरामागे काचेची एक खोली असते, तिलाही हेच नाव आहे. आपल्याकडे मोठं काचघर पाहायचं तर बंगळुरूच्या लालबागेत जावं लागतं. पण या इमारतींचा खरा काळ म्हणजे १८३५ ते १९०० चा ब्रिटन, आणि त्या काळात काचघराच्या रंगाचा हिशोब हा मोठाच प्रश्न होता. त्यात गणित होतं, यंत्रं होती, रंगशास्त्रावरची भांडणं होती आणि माणसांचे जीवही होते.

डझनावर मोजायच्या खिडक्या

आधी एक साधी गोष्ट. खिडकी रंगवणं म्हणजे काय रंगवणं? काच नाही, काचेभोवतीचं लाकूड. ते क्षेत्रफळात नगण्य असतं, पण त्याला वेळ भरपूर लागतो. भिंतीवर रोलर सपासप फिरतो. तावदानाच्या कडेला बारीक ब्रश लागतो, हात स्थिर लागतो, काचेवर गेलेला रंग पुसावा लागतो.

जुन्या इंग्लंडमधल्या रंगाऱ्यांना हे नीट माहीत होतं. भिंतीचं काम ते चौरस यार्डावर मोजत. खिडक्यांना मात्र यार्ड लावत नसत. चौकटी नगावर मोजायच्या आणि तावदानं डझनावर. त्यांनी क्षेत्रफळ सोडून दिलं आणि कडा मोजायला घेतल्या.

आपल्याकडे हेच शहाणपण वेगळ्या रूपात आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगला असलेल्या कुणालाही विचारा, एस्टिमेशनच्या विषयात एक तक्ता पाठ करावा लागतो. दाराचं सपाट क्षेत्रफळ घ्यायचं आणि एका गुणकाने गुणायचं. पॅनेलच्या दाराला १.३०, कारण त्याला उंचसखल नक्षी असते. ओढायच्या जाळीच्या गेटला १.५०. आणि पूर्ण काचेच्या दाराला किंवा खिडकीला, प्रत्येक बाजूसाठी ०.८०.

हा शेवटचा आकडा पहिल्यांदा पाहिला की विचित्र वाटतो. जिथे बहुतेक सगळी काचच आहे, तिथे ऐंशी टक्के क्षेत्रफळ रंगवल्याचे पैसे का द्यायचे? कारण हा गुणक रंगाच्या डब्याचा नाही, रंगाऱ्याच्या दिवसाचा आहे. काचेच्या दाराला रंग कमी लागतो आणि वेळ मात्र सपाट दाराच्या जवळपास जातो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे मुख्य फीचरला दोन दिवस लागतात आणि एज केसेसना दोन आठवडे. ‘एज’ म्हणजे कड. त्यामुळे तो ०.८० मला लगेच ओळखीचा वाटला. काचघर ही अशी इमारत आहे की जिच्यात कडांशिवाय काहीच नाही.

माळ्याच्या पट्ट्या

जोसेफ पॅक्सटन हा मूळचा माळी. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाची ड्यूक ऑफ डेव्हनशायरची इस्टेट आहे, तिथला तो मुख्य माळी. १८३६ मध्ये त्याने तिथे ‘ग्रेट कॉन्झर्व्हेटरी’ बांधायला घेतली. चार वर्षांनी ती उभी राहिली तेव्हा तिच्याएवढं मोठं काचघर जगात नव्हतं. आतून घोडागाडी जाईल असा रस्ता होता. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे आली तेव्हा तिची गाडी खरोखरच त्या रस्त्याने आतून गेली.

पॅक्सटनची अडचण उजेडाची होती. झाडांना ऊन हवं, म्हणून काच धरणाऱ्या पट्ट्या शक्य तितक्या बारीक हव्यात. तो लोखंडाऐवजी लाकडी पट्ट्यांच्या बाजूचा होता. लाकूड स्वस्त होतं, हलकं होतं, आणि थंडी-उन्हात लोखंडासारखं आकसून-फुगून काच फोडत नव्हतं. पण पट्टी जितकी बारीक, तितकं तिच्या आकारमानाच्या मानाने बाहेरचं अंग जास्त. आणि काचघरात आतली हवा दमट, बाहेरची थंड. काचेच्या आतल्या बाजूला पाणी धरतं, ओघळतं, आणि थेट पट्टीच्या सांध्यात जाऊन बसतं. बाहेरून पाऊस, आतून घाम. उघडं लाकूड अशा जागी काही वर्षांत कुजतं.

पॅक्सटनने या पाण्यासाठी खास पन्हळ तयार केली. मधली खाच पावसाच्या पाण्याची, आणि दोन्ही कडांना दोन बारीक खाचा आतून ओघळणाऱ्या पाण्यासाठी. तरीही लाकूड आणि पाणी यांच्यामधली शेवटची भिंत रंगाचीच होती. काचघराची भिंत कुठे आहे, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हेच: तेलरंगाचे ते दोन-तीन पातळ थर.

चॅट्सवर्थच्या काचघरातल्या पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या असत्या तर चाळीस मैल भरल्या असत्या. इतक्या पट्ट्या हाताने रंधून काढणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पॅक्सटनने वाफेवर चालणारं पट्ट्या कापायचं यंत्र बनवलं. माळ्याने सुताराचं काम यंत्राकडे दिलं. रंगाऱ्याचं काम यंत्राकडे जायला अजून दहा वर्षं होती.

दोनशे पाच मैल

१८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्कात जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं. इमारत तात्पुरती हवी होती, आणि वेळ अगदी कमी होता. पॅक्सटनने चॅट्सवर्थचाच अनुभव ताणून एक प्रचंड काचघर सुचवलं. फॉक्स, हेंडरसन आणि कंपनीने ते ७९,८०० पौंडांत बांधून द्यायचं कबूल केलं. अट अशी की प्रदर्शन संपल्यावर सामान कंपनीचं. जुलै १८५० मध्ये काम मिळालं आणि १ मे १८५१ ला उद्घाटन झालं. लोक त्याला ‘क्रिस्टल पॅलेस’ म्हणू लागले.

सगळी इमारत एका काचेच्या मापावर बेतलेली होती. काच ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. एवढ्या मोठ्या काचा बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सच्या कारखान्यात होत. १८४५ मध्ये काचेवरचा सरकारी कर रद्द झाला नसता, तर हे स्वप्न कागदावरच राहिलं असतं. एकूण काचा २,९३,६५५. काचेचं क्षेत्रफळ नऊ लाख चौरस फूट. आणि त्या काचा धरणाऱ्या लाकडी पट्ट्यांची लांबी २०५ मैल.

आपण मघाचं गणित इथे लावून पाहू. हे एस्टिमेट माझं आहे, त्या काळच्या कुणाचं नाही.

नऊ लाख चौरस फूट म्हणजे सुमारे ८३,६०० चौरस मीटर. दोन्ही बाजू धरून १,६७,२००. आपल्या तक्त्यातल्या ०.८० ने गुणलं तर जवळपास १,३४,००० चौरस मीटर. हा झाला पुस्तकी आकडा.

आता नुसत्या पट्ट्या मोजू. २०५ मैल म्हणजे ३३० किलोमीटर. पट्टीचा रंगवायचा घेर दहा सेंटीमीटर धरला, तर ३३,००० चौरस मीटर. पुस्तकी आकड्याचा चौथा हिस्सा. एका लिटरमध्ये दहा चौरस मीटर निघतात असं धरलं तर एका हाताला ३,३०० लिटर, तीन हातांना ९,९०० लिटर. खांब, तुळया, पन्हळी, जमीन अजून हिशोबात घेतलेलीच नाही.

मधला तीन चतुर्थांश फरक म्हणजे श्रम. कडेने ब्रश सांभाळत फिरवण्याचे श्रम. दोन हजारांहून जास्त माणसं कामावर असताना, मे महिना डोक्यावर असताना, ३३० किलोमीटर पट्ट्या उंचावर लटकून रंगवणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी क्रमच उलटा केला. पट्टी बसवून मग रंगवायची नाही, आधी रंगवायची मग बसवायची. त्यासाठी जमिनीवरच एक यंत्र उभं केलं. रंगाने भरलेली लांब डोणी. पट्टी त्यात बुडवायची आणि दुसऱ्या टोकाने ब्रशांच्या जुडग्यातून ओढून काढायची. ब्रश अशा कोनात बसवलेले की जास्तीचा रंग निथळून परत डोणीत पडायचा आणि पट्टी सगळ्या अंगांनी सारखी रंगून बाहेर यायची.

यंत्राने रंग वाचवला नाही, लागायचा तेवढा लागलाच. त्याने खाल्ली ती फक्त कड. काच नंतर बसणार असल्याने काचेवर रंग जाण्याची भीतीच उरली नाही. पुस्तकातला गुणक ज्या श्रमासाठी आहे, नेमका तोच श्रम गायब झाला. शेवटचा हात मात्र जागेवरच मारावा लागला, माणसांनीच.

काच बसवणाऱ्यांचा वेगही आज वाचताना खरा वाटत नाही. एका आठवड्यात ऐंशी माणसांनी अठरा हजारांवर काचा बसवल्या. म्हणजे सहा दिवस धरले तर माणशी रोज सदतीस-अडतीस.

तीन, पाच, आठ

रंग किती हे ठरलं, पण कोणता? त्याची जबाबदारी ओवेन जोन्स या वास्तुरचनाकाराकडे होती. वय बेचाळिशीच्या आत. तरुणपणी तो फ्रेंच मित्र ज्युल गूरीबरोबर स्पेनमधला अलहंब्रा राजवाडा मोजायला गेला होता. तिथेच १८३४ मध्ये गूरी कॉलऱ्याने गेला. जोन्सने पुढे अलहंब्रावरचे ग्रंथ रंगीत छपाईत काढले, आणि इस्लामी वास्तुकलेतले निळे-लाल-पिवळे त्याच्या डोक्यात कायमचे बसले.

डिसेंबर १८५० मध्ये त्याने वास्तुरचनाकारांच्या संस्थेत आपली योजना मांडली. काचघर एकाच रंगात रंगवलं तर हजारो सारखे खांब एकमेकांत विरून जातील, डोळ्याला अंतरच कळणार नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून निळा, लाल आणि पिवळा हे तीन मूळ रंग वापरायचे आणि मध्ये पांढरा ठेवायचा, म्हणजे ते एकमेकांत मिसळणार नाहीत. निळा मागे सरकल्यासारखा दिसतो म्हणून आत वळलेल्या भागांवर. पिवळा पुढे येतो म्हणून गोलाईवर. लाल तुळयांच्या खालच्या बाजूला.

आणि प्रमाण? तीन भाग पिवळा, पाच भाग लाल, आठ भाग निळा. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना यात लगेच फिबोनाची दिसेल, पण त्याचा इथे संबंध नाही. हे प्रमाण जॉर्ज फील्ड या रंगरसायनतज्ज्ञाचं. फील्डच्या मते या प्रमाणात तिन्ही रंग एकत्र आले की ते एकमेकांना पुसतात आणि डोळ्याला करडा तटस्थ परिणाम मिळतो. जोन्सने हे सूत्र शेकडो मीटर लांबीच्या इमारतीला लावलं.

लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं. लोखंडाला लाल-निळा-पिवळा रंग म्हणजे बाजारबुणगेपणा, असा सूर होता. जोन्स हटला नाही, आणि प्रदर्शन उघडल्यावर टीकेचा सूर बदलला. आत शिरल्यावर जवळचे खांब स्पष्ट आणि रंगीत दिसत, दूर जाता जाता रंग एकमेकांत मिसळत आणि शेवटचं टोक निळसर धुक्यात हरवल्यासारखं वाटे. इमारत होती त्याहून लांब भासत होती. साठ लाखांवर लोकांनी ते पाहिलं.

गंमत म्हणजे फील्डचं शास्त्र चूक होतं. प्रदर्शनानंतर वर्षभरातच, १८५२ मध्ये, हेल्महोल्ट्झने दाखवलं की रंगद्रव्यं मिसळणं आणि प्रकाश मिसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निळा आणि पिवळा रंग कालवला तर हिरवा होतो. निळा आणि पिवळा प्रकाश मिसळला तर होत नाही. दूरच्या खांबांचे रंग डोळ्यात मिसळतात तेव्हा तो प्रकाशाचा मामला असतो. तुम्ही हा लेख ज्या स्क्रीनवर वाचताय, तिच्यात पिवळा पिक्सेल नाही. लाल, हिरवा आणि निळा आहे. तीन-पाच-आठ हे प्रमाण तिथे लागूच पडत नाही.

तरीही इमारत सुंदर दिसली, कारण जोन्सचा डोळा सूत्रापेक्षा चांगला होता. त्याच प्रदर्शनात मांडलेल्या भारतीय कापडांतली रंगसंगती त्याने बारकाईने पाहिली. १८५६ मध्ये आलेल्या ‘द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या त्याच्या ग्रंथात भारतीय नक्षीकामाची त्याने मोकळ्या मनाने स्तुती केली आहे. युरोपी कारखानदारांनी या अनामिक विणकर-रंगाऱ्यांकडून शिकावं, असं त्याचं मत होतं.

एस्टिमेटमध्ये नसलेली रक्कम

आतापर्यंत सगळं लिटरमध्ये मोजलं. पण १८५० चा रंगारी लिटर किंवा गॅलनचा तयार डबा आणत नव्हता. बंद डब्यातला तयार रंग अजून बाजारात रुळायचा होता. तो सफेदा वजनावर आणायचा, जवसाचं तेल वेगळं, टर्पेंटाइन वेगळं, रंगाची पूड वेगळी. कामाच्या जागीच कालवायचा.

हा सफेदा म्हणजे शिशाचा क्षार, बेसिक लेड कार्बोनेट. तेलात तो असा काही बसतो की लाकडावर चिवट, लवचीक, पाणी अडवणारा थर तयार होतो. काचघरासारख्या दमट जागेला त्याच्याइतका चांगला रंग तेव्हा क्वचितच होता. आणि तो विष होता. पोटात असह्य कळा येणं हा रंगाऱ्यांचा इतका नेहमीचा आजार होता की त्याला नावच ‘पेंटर्स कॉलिक’ पडलं. पुढची पायरी म्हणजे मनगट लुळं पडणं. ब्रश धरायचा तोच हात जायचा.

सर्वांत वाईट काम नवा रंग देण्याचं नव्हतं. जुना खरवडण्याचं होतं. कोरडा थर घासला की शिशाची धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. आणि काचघराला दर काही वर्षांनी हेच लागतं. जुनं खरवडा, सांध्यात लांबी भरा, पुन्हा रंगवा.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. पॅरिसमध्ये एद्म-जाँ लक्लेर हा रंगकामाचा कॉन्ट्रॅक्टर होता. आपली माणसं शिशाने आजारी पडतात हे पाहून त्याने जस्ताचा पांढरा रंग कामावर वापरता येईल इतका स्वस्त करायची खटपट केली, आणि १८४० च्या दशकात तो वापरातही आणला. १८४२ मध्ये त्याने नफ्यातला हिस्सा कामगारांना द्यायला सुरुवात केली. म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्या आधीच जस्ताचा पर्याय बाजारात होता. तरी पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सफेदा चालूच राहिला, कारण तो जास्त झाकायचा आणि बाहेरच्या हवेत जास्त टिकायचा. एस्टिमेटमध्ये टिकाऊपणाला रकाना होता. रंगाऱ्याच्या मनगटाला नव्हता.

१९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेद्यावर निर्बंध घालणारा करार केला. ब्रिटनने १९२६ मध्ये आपला वेगळा कायदा केला. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत, आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आजोबांच्या काळातल्या खिडक्या खरवडायला काढाल तेव्हा हे वर्ष लक्षात ठेवा. रंगारीदादांना पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायला सांगा, तोंडाला चांगला मास्क द्या आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

पुन्हा कधी?

काचघराच्या एस्टिमेटमध्ये ‘किती’पेक्षा ‘पुन्हा कधी’ हा प्रश्न मोठा असतो. या इमारतींचं पुढे काय झालं ते पाहिलं की हे कळतं.

चॅट्सवर्थचं काचघर पहिल्या महायुद्धाने संपवलं. बाँब पडला नाही. कोळसा मिळेना, माणसं युद्धावर गेली, झाडं गारठून मेली. युद्धानंतर ते पुन्हा उभं करायचा खर्च कुणालाच झेपणारा नव्हता. १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. चाळीस मैलांच्या पट्ट्या एका झटक्यात गेल्या नाहीत. एकामागून एक स्फोट करावे लागले.

क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कातून उचलून दक्षिण लंडनच्या सिडनहॅमला नेला, १८५४ मध्ये मोठ्या आकारात पुन्हा उभा केला. तिथे तो ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला.

टिकलं ते लंडनच्या क्यू बागेतलं ‘टेम्परेट हाउस’. डेसिमस बर्टनचा आराखडा. काम १८५९ मध्ये सुरू झालं, खर्च वाढल्याने मध्येच थांबलं, आणि १८९९ मध्ये पूर्ण झालं. व्हिक्टोरियन काळातलं हयात असलेलं ते सर्वांत मोठं काचघर. २०१३ मध्ये ते बंद केलं आणि पाच वर्षं दुरुस्ती चालली. ६९,००० सुटे भाग काढून साफ केले, दुरुस्त केले किंवा बदलले. १५,००० काचा नव्या बसवल्या. खर्च ४ कोटी १० लाख पौंड. आणि रंग ५,२८० लिटर.

हा शेवटचा आकडा आपल्या कामाचा. एका लिटरला दहा चौरस मीटर आणि तीन हात धरले, तर १७,६०० चौरस मीटर रंगवल्यासारखे होतात. इमारतीची जमीन आहे ४,८८० चौरस मीटर. म्हणजे जमिनीच्या साडेतीन पटीहून जास्त. ओळखीचा आकडा वाटतो? आपल्या कॉन्ट्रॅक्टरचा ‘कार्पेट एरिया गुणिले साडेतीन’. हा योगायोग आहे, पण मनाला पटणारा आहे. भिंतच नसलेल्या इमारतीने भिंतींच्या घराइतकाच रंग घेतला.

या कथेचा एक धागा मुंबईत येतो. क्रिस्टल पॅलेसच्या आराखड्यांवर फॉक्स-हेंडरसनकडे काम केलेल्यांत रोलंड मेसन ऑर्डिश हा इंजिनिअर होता. पुढे त्यानेच काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलचा लोखंडी सांगाडा आखला. भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस इथे जोडले. क्रिस्टल पॅलेसचीच पद्धत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. आज ती एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि २००६ साठीच्या जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं.

समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड उघडं पडलं की गंज थांबत नाही. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सांधे आतून फाकवतो. तो अडवायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. घासणं, प्रायमर, दोन हात. पण ते वेळेवर, आणि पुन्हा पुन्हा. इमारत बांधायला नऊ महिने पुरतात हे १८५१ ने सिद्ध केलं. ती टिकवायला कोण दर पाच-सात वर्षांनी शिडी लावणार, याचं उत्तर त्या आराखड्यात नव्हतं, आपल्याही आराखड्यांत बहुतेकदा नसतं. बांधकामाचं उद्घाटन होतं, रंगकामाचं होत नाही.

म्हणून काचघराला रंग किती लागतो, याचं पूर्ण उत्तर लिटरमध्ये देता येत नाही. पट्ट्यांची लांबी मोजा, घेराने गुणा, हातांची संख्या लावा. त्याला किती वर्षांनी पुन्हा ते लिहा. आणि शेवटी एक रकाना ठेवा, जो लक्लेरने ठेवला आणि इतरांनी टाळला: हे काम करणारा माणूस पुढच्या वेळी ब्रश धरू शकेल का? एवढं भरलं की एस्टिमेट पुरं.